चार्जिंगच्या भोकातला कापूस

आमच्या घरात बिघडलेल्या वस्तूला आधी मार बसायचा. टीव्हीवर मुंग्या आल्या की बाबा उठून त्याच्या टाळक्यात थाप हाणत, मिक्सर अडला की आई त्याला बुक्की घाले. मी कॉम्प्युटर आणला आणि तो हळू चालायला लागला, तेव्हा बाबांनी टेबलाखालच्या डब्याला अशी लाथ घातली की तो कायमचाच बंद पडला. बाबा आता नाहीत, पण खामगावातल्या आमच्या गल्लीत त्यांचे वारस पुष्कळ आहेत. मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते, म्हणून लोक संध्याकाळी आपापले फोन घेऊन ओट्यावर येतात. एकाने तर मेसेज जात नाही म्हणून फोन भिंतीवर आपटूनच आणला होता. नेट चालू होतं का, असं मी विचारलं, तर ते त्याने पाहिलंच नव्हतं.

मी सगळ्यांना तेच ते सांगते, आणि ओरडून सांगते. मारू नका. बंद करा, जरा दम धरा, पुन्हा चालू करा. कॉम्प्युटर उठत नसेल तर आधी वायर नीट बसली आहे का ते बघा. फोन अडकत असेल तर रोज सकाळी येणारी ती गुलाबाची फुलं आणि सुप्रभात पुसून टाका. चार्ज होत नसेल तर शेजाऱ्याचा चार्जर लावून बघा, म्हणजे चार्जर मेला की फोन, ते कळेल. निम्म्या लोकांचं काम एवढ्यातच होतं.

गेल्या दिवाळीला धाकटी बहीण माहेरी आली, ती भिंतीला पाठ न टेकता बसली. तिला जळगाव जामोदकडच्या एका खेड्यात दिली आहे. घरची थोडी शेती आहे आणि नवरा ट्रक चालवतो. मी तिला आतल्या खोलीत नेऊन पाठ बघितली. काळेनिळे वळ होते, बारीक आणि जोडीजोडीने उठलेले. चार्जरची वायर दुमडून मारायचा, म्हणून जोडीने.

का मारतो, ते तिने खालमानेने सांगितलं. तो गाडीवर असताना फोन करायचा आणि हिचा फोन बंद लागायचा. कोणासाठी बंद ठेवते, असं म्हणून घरी आला की वायर काढायचा. फोन रात्रभर लावूनही भरत नाही, हे ती सांगायची, पण त्याला तो बहाणा वाटायचा.

"फोनच खराब आहे, ताई," ती म्हणाली. "तेवढा नीट करून दे मले."

माझं डोकं तडकलं होतं, पण आईने मला डोळ्यांनीच दाबलं. मी फोन घेऊन बसले. चार्जर बदलला, वायर बदलली, काही उपयोग नाही. मग टॉर्चच्या उजेडात चार्जिंगचं भोक पाहिलं, तर ते कापसाने गच्च भरलेलं. कापूस वेचताना आमच्याकडे बाया कमरेला ओटी बांधतात आणि वेचलेला कापूस तिच्यात टाकत जातात. बहीण फोनही त्याच ओटीत ठेवायची, कारण वाजला आणि लगेच उचलला नाही तरी मार होता. मार चुकवायला जिथे ठेवायची, तिथेच तो बंद पडत होता. मी फोन बंद केला आणि दात कोरायच्या लाकडी काडीने कापूस हळूहळू उकरून काढला. वायर खुपसून खुपसून त्याचा पार दगड झाला होता. मग चार्जर लावला आणि बॅटरीचं चिन्ह हिरवं झालं.

बहीण आनंदाने रडायला लागली. आई म्हणाली, चला, भांडणाचं मूळच गेलं. मलाही ते खरं वाटलं.

तो तिला न्यायला आला. जावई म्हणून पाट, रांगोळी, करंज्या, चकल्या, सगळं झालं. मी तो कापूस बशीत घालून त्याच्यापुढे धरला आणि काय झालं होतं ते सांगितलं. तो हसला, लई हुशार आहा तुम्ही ताई, म्हणाला. पाठीचा विषय त्याने काढला नाही आणि आम्हीही काढला नाही. जेवणाऱ्या जावयाला आमच्यात असलं काही विचारत नाहीत. आग लागो त्या पाटाला. आम्ही तिला त्याच्यामागे पाठवून दिलं.

आता फोन दिवसभर चालू राहायचा, आणि तो दिवसभर व्हिडिओ कॉल करायचा. शेतात कोण आहे, फिरवून दाखव. बांधावर कोण उभा आहे, त्याच्याजवळ जा. एका दुपारी आई तिच्याशी बोलत असताना त्याचा कॉल आला आणि फोन बिझी लागला. त्या दिवशी तो गावातच होता. तो शेतात आला, तिचा हात धरून विहिरीच्या कठड्यावर दाबला आणि फोनसकट दगडाने ठेचला. शेजारच्या शेतातल्या बाईने आम्हाला कळवलं.

दुसऱ्या दिवशी मिळाली त्या एसटीने मी गेले. बहीण ओसरीत बसली होती, हाताला प्लास्टर, बाहेर आलेली बोटं काळी पडलेली. तो खाटेवर चहा पीत होता. त्याने तो चेचलेला फोन माझ्यापुढे धरला, काच लोंबत होती.

"ताई, तुमची बहीण फोनची वाट लावते. पाहा बरं, काय बिघडलं त्याले."

माझ्या पिशवीत आईने दिलेला स्टीलचा डबा होता. मी पिशवी गरकन फिरवून त्याच्या तोंडावर हाणली. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. तो माझ्या केसांना झोंबला, मी त्याच्या मनगटाचा लचकाच तोडत होते. लोक धावून आले नसते तर आमच्यातलं एक मेलं असतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. बहीण मात्र रडत रडत मलाच आवरत होती. जाऊ दे ताई, मी दुसरा फोन घेईन, म्हणत होती.

मी तिला तशीच ठाण्यात घेऊन गेले. हवालदार सावकाश, नीट लिहून घेत होता. मारायचं कारण काय, असं त्याने विचारलं, आणि बहीण पहिल्यापासून सांगायला लागली. ओटीत ठेवल्यामुळे कापूस गेला, मग चार्जिंग होईना, मग ताईने काढला, मग आईचा फोन आला. आईला लवकर ठेव म्हणायला पाहिजे होतं, ते आपलंच चुकलं. ती स्वतःलाच उघडून कुठे बिघाड सापडतो का बघत होती.

"म्हणजे फोनवरून मारलं, असं लिहू?" हवालदाराने विचारलं.

मी तोंड उघडलं, पण त्याने हाताने थांबवलं. त्याला तिच्याकडून ऐकायचं होतं. बहिणीने प्लास्टरचा हात उचलून टेबलावर ठेवला.

"नाही साहेब," ती म्हणाली. "फोन नव्हता तवाही मारे."