लाखेखाली काळे पडलेले लेबल

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या साक्षीदाराने कुठल्या खटल्यात काय सांगितले, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. हे एक प्रकरण मात्र वेगळे राहिले. वितळलेल्या लाखेचा वास आला की ते जसेच्या तसे समोर उभे राहते. माझ्याबरोबर काम केलेले एक हवालदार गेल्या महिन्यात वारले. त्यांच्या कन्नडच्या घरून परतल्यापासून हे लिहितो आहे. रोज चार ओळी होतात, त्यातल्या दोन मी खोडतो.

नव्वदीची सुरुवात होती. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. वाळूजच्या बाजूला दर महिन्याला एखादा नवा कारखाना उभा राहत होता, आणि शहरात विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटलेला होता. आमच्या ठाण्यातली अर्धी माणसे कायम बंदोबस्तावर असत. मी उपनिरीक्षक होतो. सकाळी तपास, दुपारनंतर मोर्चा, आणि मध्ये जमले तर जेवण, असा तो काळ होता.

खबर आणली ती एका टेम्पोवाल्याने. तो ठाण्यासमोरच्या हॉटेलात चहा पीत होता. हवालदारांना पाहून म्हणाला, "मामा, पडेगावला एका शेडमधी कडब्याची ही मोठी गंजी हाय."

"मग असू दे की. तुला खायचाय का?"

"तसं नाय. म्हस नाय, बैल नाय, शेळीसुद्धा नाय. मग कडबा कुणासाठी?"

हवालदारांनी चहा तसाच ठेवला. तासाभरात आम्ही पडेगावात होतो. कडब्यामागे पुठ्ठ्याचे खोके रचलेले होते. आत परदेशी पाठवायचे स्कूटरचे सुटे भाग होते. शेडचा भाडेकरू पसार झाला होता. प्रत्येक खोक्यावर पांढरे लेबल होते आणि त्यावर काळ्या उभ्या रेघा. बारकोड ही वस्तू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

लेबलावर नाव होते त्या वाळूजच्या कारखान्याच्या स्टोअर अधिकाऱ्यांनी आमचे अगत्याने स्वागत केले. माणूस गोड बोलणारा होता. त्यांनी समजावून सांगितले की, लेबल असल्याशिवाय खोका फाटकाबाहेर जात नाही. फाटकावरचा पहारेकरी आतला माल पाहत नाही, लेबल पाहतो. म्हणजे ज्याने जादा लेबले छापली, त्यानेच जादा खोके ट्रकमध्ये घालून बाहेर काढले. लेबले निघतात फक्त लेबल रूममध्ये. त्या खोलीची किल्ली एकाच ऑपरेटरकडे असते आणि संगणकाचा सांकेतिक शब्दही त्यालाच ठाऊक असतो.

उठताना ते हळूच म्हणाले, "साहेब, तुमच्याकडच्या यादीत नाव असेल त्याचं. नामांतरवाला आहे."

नाव होतेच. मोर्च्यातल्या कार्यकर्त्यांवर नजर ठेवण्यासाठी केलेली ती यादी मी माझ्या हाताने लिहिली होती.

ऑपरेटर पंचविशीचा होता. वेरूळजवळच्या एका गावचा. बाप मेंढरे राखायचा. घराण्यात शिकलेला हा पहिलाच. मी त्याला अटक केली आणि समोर बसवले.

"तुझ्याशिवाय कुणी लेबलं काढतं का?"

"नाय साहेब."

"किल्ली कुणाला दिलीस कधी?"

"नाय."

"मग ही कुणी काढली?"

"ते मला नाय ठाव. मी नाय काढली."

माझ्या अनुभवात खोटे बोलणारा माणूस दुसऱ्या कुणावर तरी बोट दाखवतो. या मुलाने सगळी दारे स्वतःच बंद करून घेतली होती. ते मला तेव्हाच खटकायला हवे होते. मी मात्र त्याला निर्ढावलेला समजलो.

जप्त खोक्यावरचे लेबल मी त्याच्यापुढे धरले. त्याने ते उजेडाकडे तिरके करून पाहिले, एखादी बाई साडीचा पोत पाहते तसे.

"फिकं हाय," तो म्हणाला. "मी सकाळी आधी छपाईची पट्टी स्पिरिटनं पुसतो. मग शाईची रिबीन बसवतो, दोन लेबलं वाया घालवतो, आन् काळं नीट उमटंपर्यंत गरमी वाढवतो. आसलं फिकं लेबल मी खोक्याला लावणारच नाय."

"म्हणजे चोरीसुद्धा तू नीटनेटकी केली असतीस!" मी म्हणालो. बाजूचे दोन शिपाई हसले. तो हसला नाही.

"मोर्च्यात असतोस?"

"आसतो."

"कशासाठी?"

"नावासाठी. पण साहेब, ते ह्या गुन्ह्यात बसत नाय."

आज हे लिहितानाही कान गरम होतात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला न्यायालयात हजर करून पोलीस कोठडी मागायची, असे मी ठरवले. कोठडी मिळाली असती, तर नोकरी त्याच दिवशी गेली असती. पुढे निर्दोष सुटला असता, तरी वाळूजच्या कुठल्याच फाटकातून त्याला कुणी आत घेतले नसते. त्याचा बाप ठाण्याच्या पायरीवर घोंगडी टाकून बसला होता. मी आतबाहेर करताना दर वेळी तो उठून उभा राहायचा. एकदा एवढेच म्हणाला, "साहेब, पोरगं कागद चिकटवतं. ते चिकटवण्यातच लई खूश हाय वो."

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार मुद्देमाल सीलबंद करत होते. पद्धत ठरलेली. सुतळीने बांधायचे, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावायची, मेणबत्तीवर लाखेची कांडी धरायची, गाठीवर लाख टपकवून पितळी मोहोर दाबायची. त्यांच्यापुढे दोन वस्तू होत्या. एक, पडेगावचा नमुन्याचा खोका. दुसरी, तुलनेसाठी लेबल रूममधून पंचांसमक्ष घेतलेले, पुठ्ठ्यावर चिकटवलेले लेबल.

मी बंदोबस्ताचा तक्ता करत होतो. हवालदार दारात येऊन ताठ उभे राहिले.

"साहेब, माझ्या हातून मुद्देमाल बिघडला."

खोक्याची गाठ नेमकी लेबलावर आली होती. लाख पडली तिथे लेबल काळेकुट्ट झाले होते. काळेपणा हातभर नाही, पण चांगला चार बोटे पसरला होता. रेघा त्यात बुडून गेल्या होत्या. दुपारी न्यायालय, आणि पुराव्याची ही अवस्था.

मी वैतागलो. "दुसरा खोका घ्या. पंचांना बोलवा, नवा पंचनामा करा, जुना फाडून टाका."

"फाडता येईल साहेब."

"मग?"

"मग हे लेबल काळं का झालं, ते कुणी विचारायचं?"

"हवालदार, लाख गरम असते, म्हणून झालं! बत्तीस वर्षं नोकरी झाली तुमची."

"व्हय साहेब. पण दुसरं लेबल नाय झालं." त्यांनी पुठ्ठ्यावरचे लेबल माझ्या टेबलावर ठेवले. लाखेच्या मोहोरेभोवती कागद पांढरा स्वच्छ होता, रेघा जागच्या जागी. "तीच लाख, तीच मेणबत्ती, मीच माणूस. एक करपलं, एक नाय. पंचनामा फाडला तर हे बी फाटलं."

ते सातवी शिकलेले होते. मी इतिहासाचा पदवीधर, कपाटभर पुस्तके बाळगणारा. दोन्ही लेबले माझ्या टेबलावर होती, आणि मला घाई दिसत होती, फरक दिसत नव्हता.

लेबले छापायची यंत्रे कोण दुरुस्त करतो, हेही त्यांनाच ठाऊक होते. शहागंजातला एक कारागीर. पूर्वी तो टंकलेखन यंत्रे दुरुस्त करायचा, आमच्या ठाण्याचेही करायचा. आता एका पुण्याच्या कंपनीसाठी लेबलाचे प्रिंटर बसवत होता. तो लुनावरून आला, खांद्याला पिशवी. काळे लेबल पाहून त्याने प्रश्नसुद्धा विचारला नाही. लेबलाच्या कोऱ्या कडेवर अंगठ्याचे नख जोरात ओढले. नखामागे काळी रेघ उमटली. तेच त्याने लेबल रूमच्या लेबलावर केले. काहीच उमटले नाही.

"साहब, ये गरमी का कागद है," तो म्हणाला. "ह्याला रिबीन लागत नाही. मशीनची पट्टी तापते, कागद स्वतःच काळा होतो. नख घासलं तरी होतो, उन्हात ठेवला तरी होतो. लेबल रूमचं काम रिबीनवर आहे, साधा कागद. तिथं हा कागद मैं दियाच नई."

"मग कुठं दिला?"

त्याने पिशवीतून एक जाड वही काढून मांडीवर घेतली, पण उघडली नाही.

"एकच रोल आया था. पहिल्या मशीनसोबत, ट्रायलचा. ती मशीन लेबल सोडून दोन लेबलांमधल्या फटीवर छापायची, सेन्सर जुळत नव्हता. म्हणून तिला बाद केली, स्टोअरमध्ये ठेवली."

"आणि आता बंद आहे?"

"नई साहब." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "दोन महिने झाले, स्टोअरच्या साहेबांनी बोलावलं. बोले, जरा चालू करके देव, बघायचंय. त्यांच्याच संगणकाला जोडली. लेबल कोरी निघत होती. रोल उलटा बसवला होता, काळी होणारी बाजू खाली. मी सुलटा केला. सॉफ्टवेअरमध्ये रिबीन बंद केली, सेन्सर पुन्हा जुळवला. मैंच चालू करके दिया ना."

हवालदार म्हणाले, "उस्ताद, चालू करणं गुन्हा नाय. लपवलंस तर होईल."

मग त्याने वही उघडली. त्याची एक सवय होती, कुणी न सांगता लावून घेतलेली. यंत्र दुरुस्त झाले की शेवटचे चाचणीचे लेबल तो वहीत चिकटवायचा आणि शेजारी गिऱ्हाइकाची सही घ्यायचा. उद्या कुणी म्हणायला नको, यंत्र चाललेच नाही. त्या पानावर गरमीच्या कागदाचे लेबल होते. खाली स्टोअर अधिकाऱ्यांची सही होती, झोकदार. लेबलात वरपासून खालपर्यंत केसाएवढी पांढरी रेघ होती. पट्टीतला एक बारीक ठिपका जळलेला होता, तो तापत नव्हता, म्हणून तेवढी जागा कोरी राहत होती. आम्ही पडेगावचे खोके एकेक करून खिडकीपाशी नेले. पांढरी रेघ प्रत्येक लेबलावर होती, त्याच जागी.

रिबिनी लेबल रूमच्या ताब्यात असत, त्यामुळे स्टोअर अधिकाऱ्यांना रिबीन मिळाली नसती. तो जुना रोल मात्र त्यांच्याच फळीवर होता. लेबल म्हणजे लेबल, असे त्यांना वाटले. फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही तसेच वाटले होते, आणि खरे सांगायचे तर मलाही.

स्टोअरची झडती पंचांसमक्ष घेतली. यंत्र ताडपत्रीखाली होते, रोल निम्मा संपलेला. कारागिराने तिथेच एक लेबल छापून दाखवले. रेघ आली. अधिकारी आधी म्हणाले, "अहो, नुसतं तपासून पाहत होतो." मी वहीतली सही दाखवली. त्यांनी पाणी मागितले आणि खुर्चीत बसले. शेडच्या भाडेकरूचे नाव त्यांनी त्याच खुर्चीत सांगितले.

दुपारी न्यायालयात मी कोठडी मागितली नाही. या इसमाविरुद्ध पुरावा आढळत नाही, असा अहवाल दिला. बाहेर आल्यावर मी त्याला म्हणालो, "चूक झाली आमची."

तो म्हणाला, "साहेब, ते फिकं हाय म्हणलं व्हतं ना मी."

त्याच्या बापाने घोंगडी झटकली, घडी केली आणि बसस्थानकाकडे चालू लागला. कारखान्यातल्या कामगारांच्या यादीतले मुलाचे नाव कायम राहिले. माझ्या यादीतून मी ते संध्याकाळी काढले. त्यानंतर कुणाचे नाव लिहिताना माझा हात जरा थांबू लागला. पुढे नामविस्तार झाला, आणि त्या यादीचेच काम संपले.

आता जे सांगायचे राहिले, ते सांगतो. माझ्या तपासाच्या अहवालात मी लिहिले होते की, 'दोन्ही लेबलांच्या कागदाबाबत संशय आल्याने तज्ज्ञास पाचारण केले.' कुणाला संशय आला, ते लिहिले नव्हते. मला प्रशस्तिपत्र मिळाले. हवालदारांना मुद्देमाल हाताळण्यात हयगय केल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा लागला. त्या खुलाशावर 'पाहिले' असा शेरा मारून मीच सही केली. त्यांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

गेल्या महिन्यात कन्नडला हवालदारांच्या घरच्यांना भेटायला गेलो, तेव्हा ओसरीवर एक पिकल्या केसांचा माणूस आल्यागेल्याला पाणी देत होता. मी ओळखले नाही. त्याने ओळखले. तो तेव्हाचा ऑपरेटर होता. आता त्याचे स्वतःचे लेबल छापायचे युनिट आहे, सहा माणसे कामाला आहेत. दर दिवाळीला तो हवालदारांकडे यायचा.

"त्यांनी सांगितलं असेल तुम्हाला," मी म्हणालो. "लाखेचं, त्या काळ्या लेबलाचं."

"नाय साहेब. मी लई येळा विचारलं, मामा, मी सुटलो कसा? ते एकच म्हणायचे, आमच्या साहेबांची नजर लई बारीक."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग त्याला सगळे सांगितले, तिथेच, हवालदारांच्या फोटोसमोर. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मंग लिहा ना साहेब तसं."

म्हणून लिहितो आहे. नोकरीने मला कायदा शिकवला, माणसे वाचायला थोडेफार शिकवले. पण स्वतःच्या हातून झालेली चूक टेबलावर आणून ठेवायची आणि ती कुणाला फाडू द्यायची नाही, हे मला त्या एका माणसाने शिकवले. त्याचे आभार मानायचे राहून गेले. त्या अहवालात एक वाक्य कमी होते, ते आज जोडतो:

'सदर फरक प्रथम हवालदार यांच्या निदर्शनास आला. त्यांनी आपली चूक न लपवता ती समक्ष दाखवली, म्हणून निरपराध इसम सुटला. उपनिरीक्षकांस तो फरक दिसला नव्हता.'