झाकलेल्या कॅमेऱ्यातला ठिपका

यानाच्या कॅमेऱ्याचं झाकण लावून काढलेले फोटो तपासणं, ही माझी नोकरी. लोक हसतात, हसोत. झाकण लावलं तरी फोटो पूर्ण काळा येत नाही. कॅमेऱ्याची स्वतःची उष्णता त्यात उमटते, आतले काही बिंदू बिघडून उगाचच चमकत राहतात. हा खोटा उजेड खऱ्या फोटोतून वजा करायचा, मग उरेल ते आकाशातलं. कॅमेरा जुना होत जातो, म्हणून हे काळे फोटोही पुन्हा पुन्हा ताजे काढावे लागतात.

नेमके तेच आमच्या साहेबांनी बंद केले. "काहीच न दिसणाऱ्या फोटोंवर यानाचा वेळ घालवायचा नाही," म्हणाले. मग एका लघुग्रहाच्या फोटोत पांढरा ठिपका आला. मी म्हटलं, सर, आधी ताजा काळा फोटो घेऊ, हा ठिपका कॅमेऱ्याचाच वाटतो. त्यांनी मला भर बैठकीत गप्प बसवलं आणि 'चमकता खडक' म्हणून ठिपका जाहीर करून टाकला. पेपरात लाल गोल करून फोटो आला.

पुढच्या प्रत्येक फोटोत ठिपका त्याच जागी यायला लागला, तेव्हा कुठे झाकण लावायची परवानगी मिळाली. झाकण लावूनही ठिपका तिथेच होता. छापून आलेला फोटो मागे घेणं मात्र साहेबांच्या जिवावर आलं. "पुढच्या वेळी बघू," एवढंच म्हणाले. मी चिडून रजा टाकली आणि मोताळ्याला घरी आले.

आमचं बियाण्यांचं दुकान आहे. बाजाराचा दिवस होता, पेरणी तोंडावर आलेली. बाबांनी पेपरातला तो फोटो फ्रेम करून काउंटरच्या मागे लावला होता. सोयाबीनची थैली न्यायला आलेल्या माणसाला आधी फोटो पाहावा लागत होता. "माह्या पोरीच्या हापिसातला हाये. हा ठिपका दिसते ना, दगड हाये तो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझे बाबा थैलीवरच्या छापावर कधी विसंबत नाहीत. मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात, कोंब पाहिल्याशिवाय थैली विकत नाहीत. अशा माणसाला तरी पटेल, असं वाटलं. गिऱ्हाईक गेल्यावर मी लॅपटॉप उघडून पेपरातला आणि झाकण लावलेला, दोन्ही फोटो शेजारी-शेजारी ठेवले.

"बाबा, हा झाकण लावून काढला. तरी ठिपका तिथंच हाये. दगड-बिगड काही नाही."

चष्मा लावून त्यांनी दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले. त्यांना कळलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं.

"तुह्या सायबाले समजत नाही, अन् तुले समजते काय?"

"तुम्ही थैलीवरचा छाप मानता काय?"

"ते बियाणं हाये. हे मोठ्या लोकायचं काम हाये, बाई."

साहेबांनी केलेला अपमान मी गिळला होता. हा अजून गळ्याखाली उतरलेला नाही.

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. बाबांनी लॅपटॉप मिटून बाजूला सारला, आणि फ्रेमकडे बोट केलं.

"हा ठिपका पाहा भाऊ. माह्या पोरीनं शोधला."