टिकलीखालचा दिवा

आमचे नाना, म्हणजे धानोऱ्याचे भाईदास नाना, कुरकुरणारी वस्तू दुरुस्त करत नाहीत, तिचं तोंड बंद करतात. दार कुरकुरलं तर ते उघडंच ठेवतात. थोरल्या भावाचा फोन वाजला तर मोबाइल उशीखाली घालतात. मी त्यांचा मुलगा, हे बघत बघतच लहानाचा मोठा झालो आणि डोकं पिकायची वेळ आली.

तेव्हा त्यांच्या जुन्या गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागला, तो त्यांच्या तावडीतून कसा सुटणार?

"गॅरेजला दाखवा," मी म्हटलं. "नुसता लागलाय तोवर सावकाश नेता येईल. लुकलुकायला लागला तर मात्र गाडी बाजूला घेऊन बंदच करायची."

"इंजिन चाली ऱ्हायनं ना? मंग दिवाले काय कयस?" दिव्याला काय कळतं, असं आपल्या अहिराणीत सुनावून नानांनी आईपुढे हात केला. "डोयामा खुपस तो. तुन्ही टिकली दे."

आणि आईनंही दिली! कपाळावरची मरून टिकली काढून त्यांच्या हातावर ठेवली. ती दिव्यावर बसली आणि नानांच्या दृष्टीनं गाडी दुरुस्त झाली. मी कितीही बोललो तरी पालथ्या घड्यावर पाणी.

मग आला श्रावणातला, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचा रविवार. आमच्यात घरातल्या दर पुरुषाच्या नावानं मूठ मूठ गहू मोजतात, दळतात आणि त्या पिठाच्या पुरणपोळ्या करतात. हेच कानबाईचे रोट. ते भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत आणि टाकायचेही नाहीत. आजोबा गेल्यावर नानांचे थोरले भाऊ, भिला आबा, कानबाई मांडायचा चौरंग शहाद्याला आपल्या घरी घेऊन गेले. आपल्याला विचारलं नाही, एवढ्यावरून नानांचं बिनसलं. तेव्हापासून दर श्रावणात शहाद्याहून बोलावणं येतं आणि दर श्रावणात नाना एकच निरोप धाडतात, गाडी बिघडली. गाडी नव्हती तेव्हा मोटरसायकल बिघडायची.

यंदा आबांच्या साखरेनं उचल खाल्ली. पायाची जखम चिघळली, एक बोट काढावं लागलं. आई हट्टालाच पेटली. या वर्षी गेला नाहीत तर पुढच्या वर्षी कोणाकडे जाल, असं तिनं तोंडावर विचारलं. नानांनी धुतलेला सदरा मागितला. पंगत बसायच्या आत पोचायचं ठरलं.

नंदुरबार मागे पडलं आणि प्रकाशा गावाच्या अलीकडे गाडी हिसके द्यायला लागली.

"थांबवा," मी म्हटलं.

"रस्ता खराब शे," नाना म्हणाले आणि पाय आणखी दाबला.

मी हात घालून टिकली उपटली. खाली दिवा नुसता उघडझाप करत होता. किती वेळ करत होता, देव जाणे! मी ओरडलो, आई ओरडली, तोवर इंजिनानं मान टाकली. तापीचा पूल समोर दिसत होता.

नानांनी स्वतःहून आबांना फोन लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"भाऊ, गाडी बंद पडी गई."

"दर सालले पडस," पलीकडून आबा म्हणाले आणि फोन ठेवला. नानांनी पुन्हा लावला, पुन्हा लावला. कोणी उचलेना.

"आवंदा खरंच बिघडनी ना रे!" नाना माझ्यावरच डाफरले.

"बिघडली. पण बिघडवली कोणी?" माझाही तोल सुटला.

गाडी कडेला ढकलून आम्ही एस. टी.ला हात केला. उभ्यानं शहादा गाठलं, तर पंगत उठलेली. एकटे आबा बसले होते, पट्टी बांधलेला पाय पाटावर ठेवून. पुढ्यात भरलेलं ताट होतं.

"अजून जेवले नाहीत?" आईनं विचारलं.

"मन्हं जेवन व्हयनं," आबा म्हणाले. "हाई भाईदासनं शे."

नाना दारातच उभे राहिले.

"तुन्ही मूठ मी दर साल टाकस," आबा त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "तू येस नई. रोट बाहेरनाले देता येत नई, फेकता येत नई. मंग तुन्हा वाटाना रोट बी मीच खास."

"भाऊ, तुले डॉक्टरनी गोड..."

"मंग काय करू?" आबा केवढ्यानं तरी ओरडले. त्यांनी ताट नानांकडे सरकवलं. "आते बठ."

नाना बसले. पहिला घास घेतला. आबा पाय धरून त्यांच्यासमोर बसून राहिले.

"सगया खाय," ते म्हणाले. "उरना ते माले खाना पडस."