टाकीतलं तीर्थ

त्या वर्षी माझं आणि महादेवाचं बोलणं बंद होतं. म्हणजे माझ्या बाजूनं बंद होतं, त्याचं मला काय कळणार! आमची गौरी आदल्या वर्षी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत थोडक्यात हुकली आणि पुन्हा वर्षभर क्लाससाठी लातूरला राहिली. दाटीवाटीची खोली, मेसचं पाणचट वरण, आणि फोन केला की एकच वाक्य, "बरी हाय मी, अव्वा." पण पोरीचा आवाज बारीक होत चाललेला आईला कळतोच. एका सकाळी देवघरात उभी राहून मी महादेवाला स्पष्ट सांगितलं, तू तुझं बघ, आम्ही आमचं बघतो.

माझे यजमान अगदी उलट. उदगीरला आमचं डाळीचं दुकान. गळ्यात इष्टलिंग, कपाळाला भस्म, आणि दारात जुनी पांढरी गाडी. भूकंप झाला तेव्हा याच गाडीतून हे पडलेल्या गावांत भाकरी आणि घोंगड्या घेऊन गेले होते. येताना मागच्या सीटवर जखमी माणसं घालून लातूरच्या दवाखान्यात पोचवली. ती माणसं जगली, आणि तेव्हापासून यांच्या लेखी ती गाडी राहिलीच नाही, नंदी झाली. पत्रा गंजला, दारं वाजायला लागली, तरी हे विकायला तयार नाहीत. "नंदी विकतंय का कोणी?" एवढं म्हणायचे आणि फडकं घेऊन काच पुसायला लागायचे. मला हसू यायचं आणि रागही यायचा.

गौरीची दुसऱ्या वेळची परीक्षा नांदेडला होती. त्यासाठी ती घरी आली आणि नेमका एसटीचा संप लागला. काळ्यापिवळ्या जीपांना माणसं बाहेरून लटकलेली. त्यामुळे फटफटताना आम्ही तिघं नंदीतूनच निघालो. गौरी मागं डोळे मिटून काहीबाही पुटपुटत होती. ही परीक्षा हुकली तर ती पुन्हा पुस्तक हातात धरणार नाही, हे तिनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. वडिलांना सांगितलं नव्हतं.

मुखेडच्या अलीकडे गाडीनं आचके दिले आणि ती थांबली. यांनी पेट्रोलची नळी काढून फुंकली, तर नुसता गंजाचा भुगा. गाडी सुरू झाली, जराशी चालली, परत बंद. पुन्हा फुंकली, पुन्हा तेच. शेवटी हे गाडीखाली शिरले आणि टाकीचा बुडाचा बोल्ट सैल केला. कोऱ्या चहासारखं लाल पाणी भळाभळा खाली आलं. पेट्रोलच्या टाकीत पाणी कुठून आलं म्हणून मी विचारलं, तर हे गाडीखालून बाहेरच येईनात. मग तिथूनच आवाज आला, "अगं, श्रावणी सोमवारचं अभिषेकाचं तीर्थ. दर साली एकेक पळीच टाकत होतो."

लेकीसमोर मी यांना कधी टाकून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. तुमच्या भक्तीनं माझ्या पोरीचं वर्ष बुडवलं, असं तोंडावर म्हणाले. हे गंजानं लाल झालेले हात फडक्याला पुसत म्हणाले, पाणी काढलं तरी टाकीतला गंज नळीत येतच राहणार. गौरी दगडावर बसून आवाज न करता रडत होती. भरलेल्या जीपा हात दाखवूनही थांबत नव्हत्या. महादेवाकडे मागायला मला तोंड नव्हतं, म्हणून मी मागितलं नाही. मनातल्या मनात एवढंच म्हटलं, तीर्थ तुझंच आहे, आता तूच निस्तर. आणि खरं सांगते, ते म्हणताच छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. अडचण होती तिथंच होती, पण ती आता माझ्या एकटीची नव्हती.

तेवढ्यात मुखेडच्या बाजूनं एक बागवान आणि त्यांची बायको चालत आले. सायकलच्या कॅरियरला फवारणीचा पाठीवरचा पंप बांधलेला, आदल्या दिवशी बाजारातून आणलेला, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. रस्त्याला लागूनच त्यांचं वांग्याचं रान होतं. "काय झालं, भाऊ?" त्यांनी विचारलं, आणि हे सांगायला लागले. माझे डोळे मात्र त्या पंपावर खिळले. स्वच्छ कोरी टाकी, खाली लांब नळी, नळीला कॉक. आमच्याकडे पिंडीवर गळती टांगतात, बुडाला बारीक भोक असलेला तांब्याचा घडा. त्यातून देवावर पाण्याची धार पडत राहते, तिला ढकलावं लागत नाही. मी म्हणाले, "अहो, हा पंप टपावर बांधला तर? गळतीसारखं पेट्रोल वरून खाली येईल की!"

हे लगेच डिकीकडे वळले. डिकीत पेट्रोलचा जादा डबा होता. पण पंप परक्याचा, त्यातून फवारणीचा, पेट्रोलनं खराब झाला तर?

"नवा हाय जी," त्यांची बायको हळूच म्हणाली.

बागवानांनी तोवर पिशवी फाडलीसुद्धा. "पंप लई भेटतेत गं. पोरीचा पेपर काय परत येऊन राह्यला का?"

मग तीच बाई रानातून दोरी घेऊन आली आणि गाडीच्या टपावरच्या कॅरियरला पंप आवळायला लागली. यांनी पंपात डब्यातलं पेट्रोल ओतलं, नळी बॉनेटमधून आत घेऊन इंजिनाला जोडली, कॉक उघडला, किल्ली फिरवली. नंदी हंबरला! गौरी रडता रडता हसली.

मुखेडच्या बाजारात माणसं बोटं दाखवून हसली. पेट्रोलपंपावर एकानं विचारलं, "काय आप्पा, कापसावर फवारा मारायलाव का?" हे पण हसले. मी खिडकीतून मान बाहेर काढून दोरीवर नजर ठेवून होते, आणि ओठांवर आपोआप नमः शिवाय सुरू झालं होतं. नांदेडला पोचलो तेव्हा शिपाई फाटक ओढत होता. गाडी थांबायच्या आत गौरीनं उडी मारली आणि आत पळाली.

ती पेपर लिहीत होती तेवढ्यात यांनी गॅरेजात सडलेली टाकी उतरवून नवी बसवून घेतली. जुनीला हात लावला तर बुडाचा पत्रा पापडासारखा मोडला. पेपर सुटला आणि गौरी बाहेर आली ती ओरडतच, "अव्वा, समदं आलं!" येताना आम्ही पंप साबणानं धुऊन परत केला. बागवानांनी तो बघितलाही नाही. "पोचली ना पोरगी?" एवढंच विचारलं.

शरण जाणं म्हणजे हात जोडून बसणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, आपलं भांडण, आपला राग सगळं त्याच्या पायाशी टाकावं, आणि मग डोळे उघडे ठेवावेत. तो कुणाच्या सायकलवरून येईल, सांगता येत नाही.

निकाल लागला. गौरीला सरकारी कॉलेजात मेडिकलची जागा मिळाली. पेढे घेऊन आम्ही आधी त्या वांग्याच्या रानात गेलो. बागवानांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. बांधावर चढले आणि पार पलीकडे वांगी तोडणाऱ्या बायकोला गळा फाडून हाक मारली, "अगे ओ! आपली पोरगी डॉक्टरीन होऊन राह्यली!"