पाळीवरचे मामा

घोटभर पाणी पिऊन मामा ते कुठलं हे सांगायचे. आमच्या गोत्री भागातल्या घरी आले की पेला खाली ठेवत म्हणायचे, "हे मही नदीचं. चांगलं आहे, पण आपलं नाही." आपलं म्हणजे आजव्याच्या सरोवराचं. बडोद्याला पाणी पुरवणाऱ्या त्या सरोवराच्या मातीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माझ्या आईचे हे थोरले भाऊ नोकरीभर देखरेखीला होते.

बडोद्यातल्या मांडवीच्या घरून सकाळी डबा घेऊन निघायचे आणि पाळीच्या बाहेरच्या उतारावर, सरोवराकडे पाठ करून, गवतात ओल दिसते का ते न्याहाळत चालायचे. सहलीला आलेली माणसं हसायची. मामा म्हणत, "पाणी काय बघायचं! त्याला धरून ठेवलंय ती माती बघावी."

माझ्या साखरपुड्याच्या दिवशी सरोवर काठोकाठ भरलं होतं. "फेरी मारून अकराला हजर होतो," असं सांगून गेलेले मामा आलेच नाहीत. उताराच्या तळाशी त्यांना ओल दिसली होती. नवे इंजिनियर ती पावसाची ओल समजून म्हणाले, "मामा, वरसादमां भीनुं तो होय ज ने!"

"साहेब, पाऊस वरून पडतो. हे खालून येतंय. हात लावा."

साहेब वाकले. बोटांशी बारीक झरा उसळत होता, आणि त्यातून माती वाहून येत होती; पाळ आतून पोखरली जात होती. मग धावपळ झाली. वाळू आली, खडी आली, थरावर थर पडले. "पाणी जाऊ द्या, माती अडवा," असं बजावत मामा तिथून हलले नाहीत. संध्याकाळी झरा नितळ वाहू लागला, तेव्हा कुठे ते निघाले.

आई दारातच कडाडली, "भाचीचा साखरपुडा रोज असतो का रे दादा?"

 मामांनी मलाच विचारलं, "रागावलीस?" दिवसभर धुमसत होते मी. पण हकिकत ऐकली आणि चिखलाने माखलेल्या त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

मामा गेल्या वर्षी गेले. यंदा शाळेच्या मुलींना घेऊन मी आजव्याला गेले होते. मुलींना मामांबद्दल सांगत होते, तेवढ्यात उतारावरचा एक कर्मचारी थबकला.

"तमे मामानी भाणी?"

"हो, सख्खी भाची."

"एमणे ज मने आ काम शीखव्युं," तो म्हणाला. मी बसायला सांगितलं, तर मान हलवून हसला. "पाणी चढ्युं छे, बेन." आणि गवतात बघत पुढे गेला.