सतरा नंबरची नळी

प्रयोगशाळेत तिला सगळे गाळताई म्हणत. समुद्राच्या तळाचा गाळ तपासण्यात तिची सत्तावीस वर्षं गेली होती. "हिच्या नखांतला गाळ लग्नातसुद्धा निघाला नव्हता," असं तिचा धाकटा भाऊ भेटेल त्याला सांगायचा. निवृत्तीला दोन महिने उरले, तेव्हा थंड खोलीतल्या जुन्या नळ्यांची यादी करण्याचं काम तिच्या गळ्यात पडलं.

बोटीवरून पुरुषभर लांबीची नळी तळात ठोकायची आणि ओढून काढायची. आत गाळाचे थर जसेच्या तसे येतात. वरच्या तोंडाला लाल टोपण, खालच्याला काळं. वरचा थर कालचा, खालचा पणजोबांच्या काळचा. बाकी काही चुकलं तर निस्तरता येतं, टोपण चुकलं की संपलं, हे ती प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावायची.

सतरा नंबरची नळी तिच्या पहिल्याच सफरीतली होती. उभी चिरलेली, पण तेव्हा घाईत चमच्याने नमुने काढून नुसते दाणे मोजले होते. आता तिने पात्याने वरचा लपका खरवडला आणि पांढऱ्या वाळूत किड्यांची बिळं दिसली, काळ्या चिखलाने भरलेली. किडा वरून खाली शिरतो. बिळाचं तोंड वर असतं, रुंद. ही सगळी तोंडं काळ्या टोपणाकडे होती.

तिने नळी फिरवून पाहिली. दिवा जवळ आणला. मग ती तिथेच लादीवर बसली.

ही नळी काढली त्या दिवशी बोट हेलकावत होती. ती कठड्याला धरून ओकत होती. परतली तेव्हा नळी आडवी पडलेली आणि टोपणं घरंगळून कोपऱ्यात गेलेली. तिने ती अंदाजाने लावली. पहिलीच सफर, विचारायची लाज वाटली.

त्याच नळीवरून तिने लिहिलं होतं की खाली चिखल, वर वाळू, म्हणजे वाळू येतेय, किनारा भरतोय. खरं उलटं होतं. वाळू यायची कधीच थांबली होती. आणि त्या अहवालावर विसंबून वाळूच्या पट्ट्यावर चाळीस घरं उभी राहिली. पहिलं घर तिच्या भावाचं.

सोमवारच्या बैठकीत वस्ती हलवायची की नाही ते ठरणार होतं. टेबलावर तोच अहवाल असणार होता.

साहेबांनी ऐकून घेतलं, दार लोटलं. "दोन महिने राहिलेत, बाई. गप निघून जा. नाहीतर उद्यापासून लोक तुमचे सगळे अहवाल उलटे धरून वाचतील."

"वाचू देत."

"आणि माझे? त्यावर सही माझीही आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अर्धी नळी टॉवेलात गुंडाळून भावाकडे गेली. त्याच्या मागच्या दारच्या पायऱ्या पूर्वी वाळूत संपायच्या. आता शेवटच्या तीन अधांतरी लटकत होत्या.

"अगं, न कळवता? रिटायर केलं की हाकललं?" भाऊ हसला. तो वायरमन. भिंतीवर मीटरशेजारी तिच्या अहवालातला आलेख त्याने चौकट करून लावला होता. "आणि हे काय, मला भेट म्हणून चिखल?"

तिने बिळं दाखवली. सगळं सांगितलं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"मग आता लाव की टोपणं नीट."

"नळी नीट होईल रे."

"म्हणजे?"

"घर दोन-तीन वर्षं टिकेल. फार तर."

तो स्टुलावर बसला. "शिंपीण घर सोडून निघाली होती. मी थांबवलं तिला. म्हटलं, माझ्या बहिणीपेक्षा तुला समुद्र जास्त कळतो का? कोपऱ्यावरच्या मास्तरांनाही मीच... ताई, मी किती जणांना थांबवलंय, तुला ठाऊक तरी आहे का?"

तिने हात पुढे केला, तर त्याने आपला मागे घेतला.

"दुसऱ्या नळ्या असतील ना? त्या बघ."

"काल सगळ्या बघितल्या. त्या भागातली हीच एक."

कुंपणापलीकडून शेजारचे पोस्टमनकाका डोकावले. हातात नव्या रंगाचा डबा, झाकण अर्धवट उचकटलेलं.

"गाळताई, बऱ्या सापडलात! तुमचा हा भाऊ म्हणतो, घर पन्नास वर्षं हलत नाही. समुद्राकडची भिंत रंगवायला घेतोय. लावू ना बिनधास्त?"

भावाने तिच्याकडे पाहिलं. मान अगदी किंचित हलवली: नको. निदान आज नको.

तिने टॉवेल बाजूला केला आणि नळी उचलून कुंपणापाशी नेली.

"काका, झाकण लावा परत," ती म्हणाली. "आणि जरा इकडे या. माझं चुकलंय."