बाबांच्या वहीचं शेवटचं पान

आधीच सांगते, या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी वाचते ते चहाबरोबर टाइमपास म्हणून. "काहीतरीच!" म्हणायचं आणि पुढचा वाचायचा. योकोहामातल्या एका संस्थेत मेंदू आणि हातापायांच्या हालचाली यांवर माझा रिसर्च चालतो, त्यामुळे असल्या गोष्टींशी माझं जमणं कठीणच. आता माझीच पाळी आली आहे, तर हसा खुशाल.

गेल्या नोव्हेंबरात सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. नवऱ्याला सुट्टी मिळेना, म्हणून क्योतोला आम्ही दोघीच गेलो. आईंना कंपवात आहे, दोन्ही हातांना. चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो. आणि त्यांच्या पर्समध्ये कायम एक वही... माझ्या सासऱ्यांची, रामनाम लिहायची. बाबा गेले तेव्हा तिचं शेवटचं पान कोरं राहिलं होतं. "मी पुरं करीन," असा आईंनी त्यांना शब्द दिला, आणि वर्षभरात त्यांचेच हात थरथरायला लागले. मुलाने "मी लिहितो" म्हटलं, तर म्हणाल्या, "नवराबायकोच्या संकल्पात तिसरा हात नको." रोज पूजा झाली की वही उघडायच्या, ते पान बघायच्या, मिटायच्या. मला ते बघवत नसे.

तर क्योतोतला पहिला दिवस. माझी यादी भरगच्च! सकाळी टेकडीवरचं मोठं देऊळ, मग जुन्या लाकडी घरांच्या गल्ल्या. आई भलत्याच खूश. किमोनोतल्या मुलींबरोबर फोटो काय, हिरव्या चहाचं आइस्क्रीम काय! दुपारी मात्र त्यांचे पाय बोलायला लागले, म्हणून हिगाशियामाच्या उतारावरच्या एका छोट्या देवळात शिरलो. आत दहा-बारा माणसं मेजांशी बसून ब्रशने काहीतरी लिहीत होती. मी समजावलं — बौद्ध सूत्रं आहेत, कागदावर फिकट छापलेली असतात, ती शांतपणे गिरवायची.

"म्हणजे आपला लिखित जपच की गं! चल, बसूया," म्हणाल्या आणि एक खुर्ची ओढून बसल्यासुद्धा.

तेवढ्यात मला लॅबमधून फोन आला, म्हणून मी बाहेर व्हरांड्यात गेले. परत येऊन बघते तर — अरे देवा! सूत्राचा कागद बाजूला सारलेला, आणि समोर बाबांची वही! इथे नियम म्हणजे नियम असतो. आता कोणीतरी रागावणार, म्हणून मी घाईने पुढे झाले... आणि थांबले.

आईंचा हात थरथरत नव्हता. एकेक चौकट सावकाश भरत होती — राम, राम, राम. आणि ब्रश त्यांच्या डाव्या हातात होता.

आई जन्मभर उजव्या हाताने लिहीत आल्यात. डावरे होते ते बाबा. त्यांचं अक्षर डावीकडे कललेलं असायचं, आणि पानावरचं अक्षरही तसंच होतं. पण खरं सांगते, भीती नाही वाटली. डोळे भरून आले, आणि मी तशीच उभी राहिले.

शेवटची चौकट भरली. आईंनी ब्रश खाली ठेवला, आणि दोन्ही हात पुन्हा थरथरायला लागले.

"अहो आई, डाव्या हाताने लिहिलंत तुम्ही!"

"काहीतरीच! डाव्या हाताने मला साधी फणी धरता येत नाही." मग त्यांनी पान पाहिलं. "हे तर ह्यांचं अक्षर..." रुमालाने डोळे पुसता पुसता त्या हसायला लागल्या. "बघ, स्वतःच येऊन उरकून गेले. दुसऱ्याने केलेलं काही पसंत पडेल तर शपथ!"

तिथली देखरेख करणाऱ्या आजींची मी वहीबद्दल माफी मागितली. "दाइजोबु, चालतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या आई डावऱ्या दिसल्या, म्हणून शाईची दगडी वाटी मीच त्यांच्या डावीकडे सरकवली." म्हणजे मला एकटीला भास झाला, असंही म्हणायची सोय नाही.

मन एकाग्र झालं की कंप थोडा वेळ कमी होऊ शकतो, मान्य. पण डावा हात? आणि ते अक्षर? आमच्या लॅबमधल्या सरांना मी आधीच्या पानाचा आणि या पानाचा फोटो दाखवला. त्यांनी तीन कारणं सांगितली आणि तिन्ही स्वतःच खोडली. माझ्याकडे तर चौथंही नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा.

संध्याकाळी हॉटेलकडे परतताना आई म्हणाल्या, "मला एक वही घेऊन दे. आता माझी." कोपऱ्यावरच्या कोम्बिनीत, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानात, शाळकरी चौकटींची वही मिळाली. खोलीवर आल्याबरोबर त्यांनी ती उघडली आणि उजव्या हातात पेन धरलं. पहिला 'राम' लिहायला त्यांना पाच मिनिटं लागली. र एका चौकटीत, म भलत्याच. मला राहवेना, मी त्यांचं मनगट धरायला गेले.

"सोड गं," त्या म्हणाल्या. "वाकडं तर वाकडं. रामाला वाचता येतं."